अक्षरं पाठवणारा

ऑफिसात त्याला सगळे एकभाष्या म्हणत. चिडवायला ठेवलेलं नाव, पण असं चिकटलं की नव्याने येणाऱ्यांना खरं नाव मुद्दाम विचारावं लागे, आणि आठवड्याभरात तेही ते विसरून जात.

त्याचं झालं असं. घरोघरी सिनेमे पोचवणारी ती छोटीशी कंपनी होती, आणि तिथे एकच ॲप चार वेळा लिहिलं जाई. फोनसाठी एक टोळकं, टीव्हीसाठी दुसरं, कॉम्प्युटरसाठी तिसरं आणि चौथं कशासाठी होतं ते त्या चौथ्यालाही नीट सांगता येत नसे. प्रत्येकाची प्रोग्रामिंगची भाषा वेगळी, त्यामुळे चुकाही ज्याच्या त्याच्या. फोनवर एखादं बटण उजवीकडे असलं की टीव्हीवर ते हटकून डावीकडे. हा गृहस्थ मात्र एकच पालुपद धरून बसला होता: एकच भाषा घ्या, एकदाच लिहा, सगळीकडे चालेल. मीटिंगमध्ये तेच, जेवणाच्या टेबलावर तेच, लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही तेच. शेवटी कंपनीच्या मॅडम कंटाळल्या आणि म्हणाल्या, घे बाबा, कर एकदाचं. त्याने दोन वर्षं खपून ते करून दाखवलं. चार टोळक्यांचं एक झालं, आणि नाव याला पडलं.

ऑफिस एका गाद्यांच्या दुकानाच्या वर होतं. खाली कापूस पिंजायचं काम चाले आणि जिन्यातून वर येताना अंगावर बारीक तंतू बसत. वरच्या खोलीत एका भिंतीला फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर सात पडदे मांडले होते: दोन टीव्ही, दोन फोन, एक टॅबलेट, दोन कॉम्प्युटर. काही बदल केला की तो सातही पडद्यांवर एकच सिनेमा लावी. नेहमीचा ठरलेला सिनेमा. धुक्यातून एक होडी येते, किनाऱ्यावर एक बाई डोळ्यांवर हात धरून उभी असते, होडी वाळूला लागते. सातही पडद्यांवर ती होडी जराशी मागेपुढे लागे. चारच्या उन्हात त्या खोलीत बसलं की धुकं भिंतीवरून उतरून टेबलावर येतंय असं वाटायचं. त्याची तंद्री लागे. कोणी हाक मारली तर ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी ऐकू येई.

आणि गंमत अशी की त्या सिनेमाची पहिली चार मिनिटं त्याने हजारो वेळा पाहिली होती आणि पाचवं मिनिट एकदाही नाही. ती बाई कोणाची वाट बघत होती हे त्याला ठाऊक नव्हतं. तपासायला चार मिनिटं पुरत, मग पाचवं कशाला बघायचं, असा त्याचा हिशेब.

पाचव्या मिनिटापासून पुढचं त्याला आईने सांगितलं.

आईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात वायरी. इकडची वायर तिकडे खुपसली की दोन माणसं बोलू लागत. मधे कोणीतरी जिवंत माणूस बसलेला असल्याशिवाय काहीही कोणापर्यंत पोचत नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. कॉल जोडताना पहिले दोन शब्द कानावर पडत, तोडताना शेवटचे दोन. मधलं ऐकायची सक्त मनाई. मग ते मधलं आई मनाने भरून काढी आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता मुलांना सांगे. एक माणूस नुसतं "पोचलो" म्हणाला आणि पलीकडची बाई शेवटी "बरं" म्हणाली, एवढ्यावर तिने एकदा तीन संध्याकाळी काढल्या होत्या. एकभाष्या आणि त्याची ताई या गोष्टींवरच वाढले.

त्याच हेडफोनने पुढे तिचे कान खाल्ले. सत्तरीला पोचेपर्यंत ती जवळजवळ ठार बहिरी झाली. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ते बटणांच्या डब्यात गेलं. समोर बसून सावकाश बोललं तर ती ओठ वाचायची, बाकी जग मुकं. म्हणून ऑफिसात नवा टीव्ही आला तेव्हा फळीवरचा जुना, जाडजूड टीव्ही एकभाष्याने उचलला आणि आईच्या घरी नेऊन ठेवला. त्यात आपलं ॲप घातलं आणि पडद्याखाली अक्षरं उमटतील अशी सोय चालू करून दिली. कोण काय बोलतंय ते खाली लिहून येईल, तू नुसतं वाच. आईने हात जोडल्यासारखं केलं, थट्टेने, पण तिचे डोळे भरले होते.

सुरुवातीला ती आवाज पूर्ण वाढवून बसे, तेवढंच काहीतरी कानाशी घुमतं म्हणून. मग खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई वर आल्या. मुलं पाढ्यांऐवजी संवाद म्हणायला लागलीत, असं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. आई हसली आणि तेव्हापासून तिने आवाज पार बंद करून टाकला. आपल्याला तसाही ऐकू येत नाही, मग लोकांना ताप कशाला.

एकभाष्या दर शनिवारी दुपारी जायचा. गेल्या गेल्या टीव्हीचा आवाज चालू करायचा, कारण त्याला ऐकू येत होतं, आणि आपण लिहिलेली अक्षरं माणसांच्या बोलण्याबरोबर कशी बिनचूक उमटतात ते बघत बसायचा. स्वतःच्या पोराचं कौतुक करावं तसं. मग चहा व्हायचा आणि आई आठवडाभरात पाहिलेले सिनेमे सांगायची.

होडीचा सिनेमा तिने असा सांगितला. त्या बाईला कोणी म्हणता कोणी पत्र लिहीत नाही. पण ती रोज किनाऱ्यावर येऊन उभी राहते. होडीवाल्याला तिची कीव येते आणि तो स्वतःच पत्रं लिहून आणू लागतो, कोणा दूरच्या भावाच्या नावाने. बाईला पहिल्याच दिवशी कळतं, कारण पत्राला माशांचा वास येतो. पण ती काही बोलत नाही. बोलली तर पत्रं थांबतील. सांगताना आईचा आवाज खाली खाली जाई, खिडकीतलं ऊन सरकत तिच्या मांडीवर येई, आणि एकभाष्याला वाटे, आपण केवढं मोठं काम करतो आहोत, आणि आपल्याला कल्पनाही नाही.

ताईचं तसं नव्हतं. ताई हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर कामाला होती आणि आईच्या पलीकडच्याच गल्लीत राहायची. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती आईकडे डोकावे. आठवड्यातून एकदा येऊन गोष्टी ऐकणं वेगळं आणि रोज उठून करपलेलं दुधाचं पातेलं घासणं वेगळं. दोनदा दूध जळलं होतं. एकदा किल्ली बाहेरून दाराला तशीच राहिली होती. ताई सगळं मनात साठवत गेली आणि एक दिवस तिने भावाला दुपारच्या सुट्टीत खिडकीमागच्या खोलीत बोलावलं. औषधांच्या खोक्यांवर दोघं बसली.

"तुला तिने होडीवाल्याची गोष्ट सांगितली?" ताईने विचारलं.

"सांगितली की. काय सुंदर आहे."

"मी बघितलाय तो सिनेमा. तो होडीवाला पोलीस आहे. मिठाच्या गोदामात खून झालाय आणि त्या बाईनेच केलाय."

एकभाष्याला हसू आलं, पण ताई हसत नव्हती. तिने आईने सांगितलेले आणखी चार सिनेमे घरी लावून पाहिले होते. एकातलाही शेंडाबुडखा जुळत नव्हता. काल पाहिलेलं आईला आज आठवत नाही, ती म्हणाली, आणि आठवत नाही हेही तिला समजत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, बाईंना प्रश्नच ऐकू येत नाहीत, मी काय तपासणार; पण तुम्ही सांगता तशी लक्षणं असतील तर एकटं ठेवू नका. ताईने पिशवीतून एका वृद्धाश्रमाचा अर्ज काढला. दोन्ही मुलांच्या सह्या लागत होत्या. तिची झालेली होती. सहीवर पाण्याचा डाग पडून शाई जरा फुटली होती, आणि ताई ते झाकायला अंगठा ठेवून बसली होती.

त्याने दोन दिवस मागून घेतले. त्या रविवारी त्याने होडीचा सिनेमा पहिल्यांदा पुढे पाहिला, अगदी शेवटपर्यंत. कुठेतरी एखादं पत्र दिसेल, निदान एखादा भाऊ, अशी आशा धरून. मिठाची पोती होती, बेड्या होत्या, पत्र नव्हतं. आईचं डोकं आपल्या नकळत कुठल्या कुठे निघून गेलंय आणि आपण शनिवार शनिवार चहा पीत त्याला दाद देत होतो, हे त्याला पटलं. सोमवारी त्याने सही केली. गुरुवारी अर्ज द्यायचा ठरला, आणि आईला सांगायचं कोणी ते दोघंही एकमेकांवर ढकलत राहिली.

बुधवारी दुपारी तो आईकडे गेला. वृद्धाश्रमातल्या खोलीत तिचं कपाट मावेल का, ते मोजायचं होतं. आईला बेल ऐकू येत नसे, म्हणून दोन्ही मुलांकडे किल्ल्या होत्या. खिशात मोजपट्टी घेऊन तो हलकेच आत शिरला.

आई टीव्हीसमोर पाठमोरी बसली होती. खोलीत आवाज नव्हता. पडद्यावर एक म्हातारी बाई बॅग भरत होती आणि दारात एक पुरुष आणि एक तरुण बाई उभी होती. तिघांचे ओठ हलत होते. सिनेमा परक्या भाषेतला, आपल्याकडे नुसता आवाज बदलून आणलेला, तेव्हा ते ओठ वाचून आईला काही उमगणं शक्य नव्हतं. आई स्वतःच बोलत होती. हळू, एकसुरी आवाजात, जसं ती कधीकाळी हेडफोन लावून बोलत असेल तसं. दारातल्या माणसाचं बोलणं तिचं बोलून झालं होतं. आता बॅग भरणाऱ्या बाईचं चाललं होतं.

"तुम्ही दोघांनी ठरवलंच असेल तर मी जाते," आई पडद्यातल्या बाईच्या वतीने म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही. फक्त खोलीला खिडकी असू दे. आणि तुला सांगायला जड जात असेल तर सांगू नकोस, मला कळलंय."

एकभाष्या दारातच थिजला. आईला सगळं माहीत होतं. ज्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून तिघांनी, डॉक्टर धरून, मान डोलावली होती, ती तिच्या खुर्चीत बसून त्यांच्या सोयीची वाक्यं जुळवत होती. त्याला रडू फुटणार होतं, आणि ते दाबायला म्हणून त्याने नजर पडद्यावर ठेवली. तेव्हा त्याला दिसलं.

पडद्याखाली अक्षरं नव्हती.

त्याने रिमोट उचलला. अक्षरांची सोय चालूच होती, त्याने लावून दिलेली, तशीच. त्याने आवाज चालू केला. माणसं बोलू लागली आणि त्याच क्षणी खाली अक्षरं उमटली. त्याने आवाज बंद केला. अक्षरं वाक्याच्या मधोमध थांबली, जराशाने विरून गेली, आणि पुन्हा आलीच नाहीत. चालू. आली. बंद. गेली. किती वेळा त्याने ते केलं कोण जाणे.

अक्षरांकडे बघून आईने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आलास? तरीच म्हटलं, अक्षरं कशी आली."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, ओठ दिसतील असा, आणि त्याने विचारलं, एरवी येत नाहीत?

"तू असलास की येतात," आई म्हणाली. "एरवी तू तिकडे कामात असतोस. एकटा माणूस किती जणांना लिहून पाठवणार? मी कधी तक्रार केली का?"

एक वर्ष. वर्षभर तिला वाटत होतं की पलीकडे मुलगा बसलाय, हाताने अक्षरं लिहून पाठवतोय, आणि शनिवारी सवड काढून फक्त तिच्यासाठी लिहितोय. उरलेले सहा दिवस ती पहिलं आणि शेवटचं बघून मधलं भरून काढत होती, आयुष्यभर केलं तसं. त्याने विचारलं, मग मला सांगायचीस ते सिनेमे? ती म्हणाली, तू इतक्या हौसेने टीव्ही दिलास, काहीच कळत नाही असं कसं सांगू? आणि अर्जाचं कसं कळलं? ताईचे ओठ दिसतात रे, ती म्हणाली, गॅलरीत काचेपलीकडे उभी राहून फोनवर बोलत होती. खिशातली मोजपट्टी त्याला बसताना टोचत होती, पण ती काढायची त्याची छाती झाली नाही.

तो तसाच ऑफिसात गेला आणि त्याने आपणच लिहिलेलं उघडून पाहिलं. अक्षरांनी कोणत्या घड्याळावर चालायचं, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी त्याने एका दुपारी सोडवला होता: आवाजाच्या. आवाज जितका पुढे सरकेल तितकी अक्षरं पुढे. भिंतीवरच्या सातही पडद्यांवर हे चोख चाले, कारण तिथे आवाज बंद केला तरी आतून तो वाहत राही, नुसता ऐकू येत नसे. पण त्या जुन्या, जाडजूड टीव्हीत आवाज बंद केला की तो मुळातच थांबे. घड्याळ थांबलं, अक्षरं थांबली. आणि तो टीव्ही भिंतीवर असता तर कधी ना कधी हे कळलंही असतं. तो त्याने उचलून आईला दिला होता.

तक्रारींच्या यादीत त्याने खाली खाली जाऊन शोधलं. तीन सापडल्या. तिघंही जण लिहीत होते की आम्हाला ऐकू येत नाही, आणि अक्षरंही येत नाहीत. तिन्हींखाली त्याचंच उत्तर होतं: तपासून पाहिलं, आमच्याकडे व्यवस्थित चालतं. एकदा लिहिलं की सगळीकडे चालतं म्हणून मिरवणाऱ्या माणसाची चूकही मग सगळीकडेच चालत होती. तसला जुना टीव्ही असलेल्या प्रत्येक मुक्या घरात. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या मुलीने काय झालं विचारलं तर त्याने पडदा तिच्यापासून वळवून घेतला.

दुरुस्ती अकरा ओळींची निघाली. अक्षरांना त्याने चित्राच्या घड्याळावर बसवलं, तिघांना माफी मागणारी पत्रं लिहिली, आणि बोटांवरचे कापसाचे तंतू पुसत ताईच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. पुढे औषधं घेणाऱ्यांची रांग होती. तो रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर त्याने सगळं सांगितलं.

ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी आईला वेडी ठरवायला निघाले होते, ती तुझ्या घड्याळापायी." आणि तिथेच, रांगेसमोर, ओढणी तोंडाला लावून ती रडू लागली. मागचे लोक आदबीने दुसरीकडे बघू लागले. अर्ज तिने पिशवीतून काढून त्याच्या हातात दिला, फाड म्हणाली. फाटताना तिने नीट पाहून घेतलं. पण ताई ती ताईच. डोळे पुसून झाल्यावर तिने दुधाच्या पातेल्यांचा विषय काढलाच, आणि यापुढे बुधवारही तुझा, असं ठरवून टाकलं. त्याने मान्य केलं. मान्य न करायला तोंड कुठे होतं.

पुढच्या बुधवारी तो गेला तेव्हा टीव्ही मुका होता आणि खाली अक्षरं धावत होती. आई चष्मा लावून वाचत होती, ओठ मिटून. तो शेजारी बसला. खोलीत दोघांच्या श्वासाखेरीज काही नव्हतं, पडद्यावर कोणाचं तरी लग्न मोडत होतं, आणि पडद्याचा निळसर उजेड आईच्या हातांवर हलत होता. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. त्याने तिच्या हाताला स्पर्श करून विचारलं, या आठवड्यातला सिनेमा सांग ना.

"आता काय सांगायचं, सगळं लिहूनच येतं," आई म्हणाली. पुन्हा पडद्याकडे बघू लागली. मग न वळताच तिने विचारलं, "अक्षरं आता आपोआप येतात ना? तू नसतानाही?"

तिला दिसेल असा पुढे झुकून त्याने होकाराची मान हलवली.

"मग तू यायचा थांबणार नाहीस ना?"

तो उठला आणि तिच्यासमोर, टीव्हीच्या पुढ्यात बसला, आणि सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट मांडत म्हणाला की तो येणार आहे, शनिवारी आणि बुधवारी, ती म्हणेल तेव्हा, आणि ती नाही म्हणाली तरी. सांगता सांगता त्याचे ओठ थरथरायला लागले, त्यामुळे शेवटचं तिला कितपत वाचता आलं कोण जाणे. तिने त्याच्या गालावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि मग त्याला खांद्याला धरून बाजूला सारलं, कारण त्याच्यामागे नवरीचं बोलणं निघून चाललं होतं.